हात कुणाचा?

अनोळखी भाषा टिपायला बसलेला माणूस बहुधा शरीरापासून सुरुवात करतो. नाकावर बोट ठेवायचं, डोळा दाखवायचा, हात पुढे करायचा आणि समोरचा काय म्हणतो ते लिहून घ्यायचं. विल्यम ब्राइट 1949 साली कॅलिफोर्नियाच्या वायव्य भागात, क्लॅमथ नदीकाठी, कारुक भाषेच्या अभ्यासासाठी गेला तेव्हा विशीतला विद्यार्थी होता. तिथल्या वडीलधाऱ्यांनी त्याला नाव दिलं, त्याचा अर्थ ‘छोटा शब्द-विचाऱ्या’. 1957 मध्ये त्याचा कारुक भाषेवरचा ग्रंथ आला.

अवयवांच्या शब्दांवर भाषाशास्त्राची भिस्त मोठी. नवी वस्तू येते ती आपलं नाव घेऊन येते. डोळा आणि जीभ मात्र प्रत्येकाकडे आधीपासून असतात, त्यांची नावं सहसा उसनी घ्यावी लागत नाहीत. म्हणून 1913 मध्ये डिक्सन आणि क्रोबर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी ‘होकन’ भाषाकुळाची कल्पना मांडली ती डोळा, जीभ, पाणी, दगड, झोप अशा मोजक्या शब्दांच्या साम्यावर. कारुकलाही त्यांनी त्याच कुळात बसवलं. ते नातं अजून सिद्ध झालेलं नाही. बरेच अभ्यासक कारुकला एकाकी भाषाच मानतात.

पण अशा शब्दांच्या याद्यांमध्ये एक गोष्ट निसटते. यादीतला हात कुणाचाच नसतो. कारुकमध्ये हात म्हणजे ‘तीक’. पण ‘ननितीक’ म्हणजे माझा हात, ‘मितीक’ तुझा, ‘मुतीक’ त्याचा किंवा तिचा. मालक शब्दाच्या पुढ्यातच येऊन बसतो.

आणि हा हात रिकामा नव्हता. कारुक आकड्यांत सातच्या शब्दात दोन दडलेला आहे, आठच्या शब्दात तीन. एका हाताची पाच बोटं संपून मोजणी दुसऱ्या हातावर गेल्यासारखी. या नदीकाठी दंतशंखांच्या, म्हणजे लांबट नळीसारख्या शंखांच्या, माळा हे मोठं धन होतं. माळ मोजण्यासाठी पुरुष हाताच्या आतल्या बाजूला गोंदवून खूण करून घेत. माळ अंगठ्याच्या नखापासून त्या खुणेपर्यंत पोचली की तिची किंमत ठरे. आपल्याकडची वीत आणि मूठ याच जातीची मापं.

आज अस्खलित कारुक बोलणारे अगदी थोडे उरले आहेत. कॅलिफोर्नियातल्या मूळ भाषांसाठी 1990च्या दशकात गुरू-शिष्य पद्धत सुरू झाली: एक जाणता आणि एक शिकणारा, दोघांनी स्वयंपाक, धुणं, फिरणं एकत्र करायचं आणि इंग्रजी बाजूला ठेवायची. तिथे हाताचा शब्द पाठ करावा लागत नाही. हात धुताना तो कानावर पडतो.

शब्दकोश हवाच, त्यावाचून कितीतरी शब्द गेले असते. पण तो ‘तीक’ जपू शकतो. ‘ननितीक’ म्हणायला माणूसच लागतो.