नसलेल्या मुळाचा आधार

कागदावर एक बाण काढा आणि काटकोनात फिरवा. दिशा बदलली. दुसरा काढा, तोही वळेल. फिरवूनही आपल्याच रेषेवर राहील असा बाण कागदावर नाहीच. एम.एस्सी.ला लिनिअर ऑपरेटरची गणितं सोडवताना मी इथेच अडलो होतो. आयगेन व्हॅल्यू, म्हणजे असा बाण किती पट होतो ती संख्या, काढायला गेलो तर तिचा वर्ग उणे १ आला. वहीत ‘उत्तर नाही’ लिहिलं आणि पान उलटलं.

पळवाट तशी घरंदाज होती. भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात सांगितलं होतं, की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही. इटलीत कार्डानोने १५४५ मध्ये १० चे असे दोन भाग शोधले, की त्यांचा गुणाकार ४० यावा. उणे १५ चं वर्गमूळ घेऊन हिशेब जुळला, पण ही करामत त्याला निरुपयोगीच वाटली.

बॉम्बेली या गणितज्ञाची अडचण वेगळी होती. एका संख्येचा घन तिच्या १५ पटीहून ४ ने जास्त आहे, तर ती कोणती? उत्तर ४, हे पडताळून पाहायला कागदही लागत नाही. पण सूत्र लावलं की मध्येच उणे १२१ चं वर्गमूळ उभं राहतं. म्हणजे उत्तर खरं आणि वाट खोटी! १५७२ च्या आपल्या ग्रंथात त्याने ती वाट शेवटपर्यंत चालून दाखवली. दोन घनमुळं निघाली, एकात २ अधिक आणि दुसऱ्यात २ वजा एकच नसलेलं मूळ, उणे १ चं. बेरजेत ते खोडलं गेलं, ४ उरले. मला हा धीर पुढच्या कित्येक सिद्धांतांहून मोठा वाटतो.

१७९७ मध्ये वेसेल या भूमापकाने या मुळाला जागा दिली: उणे १ चं वर्गमूळ म्हणजे काटकोनात वळणं. माझ्या बाणाची आयगेन व्हॅल्यू म्हणजे ते फिरवणंच होतं! एवढं कळायला मला दुसरं सत्र लागलं.

कागदावर आयगेन व्हॅल्यू डिटर्मिनंटवरून निघते. अनंत मितींत तो साथ सोडतो, तेव्हा कॉम्प्लेक्स ॲनालिसिसच्या पेपरातला लियुव्हिलचा सिद्धांत धावून येतो. बाउंडेड ऑपरेटरमधून संमिश्र संख्या वजा करा आणि उलटा ऑपरेटर शोधा. तो प्रत्येक संख्येसाठी मिळाला, तर संपूर्ण प्रतलावर ॲनालिटिक असं फलन हाती येतं, आणि ते दूरवर शून्याकडे जातं. लियुव्हिल म्हणतो, मग ते सगळीकडे शून्यच. पण उलटा ऑपरेटर शून्य कसा असेल? म्हणून स्पेक्ट्रम, म्हणजे ज्यांच्यासाठी उलटा ऑपरेटर मिळत नाही अशा संख्यांचा संच, रिकामा राहूच शकत नाही. दोन पेपर, दोन वह्या, आणि उत्तर असं मधल्या भिंतीत.

तरी शिफ्ट ऑपरेटरने पुन्हा चकवलं. वर्गांची बेरीज मर्यादित राहते अशी क्रमिका घ्या, प्रत्येक पद एकेक घर उजवीकडे सरकवा, पहिल्या घरात शून्य ठेवा. संमिश्र संख्या घेऊनही याला एकही आयगेन व्हॅल्यू नाही. स्पेक्ट्रम मात्र एकक त्रिज्येची आख्खी चकती, कडेसकट. निदान शून्यापाशीचं कारण तरी सरळ आहे. सरकवल्यावर पहिल्या घरात कायम शून्यच असतं, मग तिथे १ असलेली क्रमिका आली तर ती कुठून सरकून आली म्हणायची?