कुठल्या टिचकीला ओ द्यावी?

आमच्या घराण्यात वादनाची परंपरा म्हणजे आजोबांच्या आरतीतल्या झांजा. त्याही नेहमी पुढच्या कडव्याच्या. अशा कुळात जन्म घेऊन चिरंजिवांनी दहावीच्या मार्कांच्या मोबदल्यात ड्रमसेट मागितला आणि एवढे मार्क काही पडत नाहीत, या भरवशावर मी हो म्हटलं. वीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज हाताळलेल्या माणसाचाही अंदाज चुकतो, तो असा. मार्क पडले. पाच ड्रम आणि तीन थाळ्या दिवाणखान्यात आल्या आणि सोफा गॅलरीत गेला.

महिन्याभरात सोसायटीच्या चिटणिसांचं पत्र आलं. त्यात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हवाला होता: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. ड्रमसेट शंभरी लीलया ओलांडतो. शंभरापैकी शंभराहून जास्त मिळवण्याचा चिरंजिवांचा हा एकच विषय.

ड्रम विकावे तर मुलगा जेवेना, ठेवावे तर चिटणीस झोपेनात. शेवटी लग्नसमारंभात ऑक्टोपॅड वाजवणारे एक मास्तर भेटले. म्हणाले, "विकताय कशाला? मुके करा." म्हणजे ड्रमवरची प्लॅस्टिकची पानं काढायची, जाळीची बसवायची, प्रत्येक ड्रमला एक ट्रिगर लावायचा आणि त्याची वायर मोड्यूल नावाच्या पेटीत खुपसायची. पितळी थाळ्या तेवढ्या काढून रबरी लावायच्या. मुलाने काठी मारली की आवाज निघणार पेटीतून, आणि तोही फक्त त्याच्या हेडफोनमध्ये. जगाला ऐकू येणार नुसतं टपटप.

ट्रिगर हा शब्द ऐकून हिने आधी घरात बंदूक नको म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात ती नाण्याएवढी चकती असते. तिला दाब बसला, हादरा बसला, की ती चिमूटभर वीज सोडते. हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये स्फटिकांत शोधला, आणि आपण तो रोज चहाच्या वेळी वापरतो. गॅसचा खटखट करणारा लायटर म्हणजे तोच प्रकार. ठोका मारा, ठिणगी घ्या.

आता निवड. ट्रिगर दोन जातींचे. एक कडेला चिमट्यासारखा बसतो. दोन मिनिटांचं काम, ड्रमला भोक नाही, उद्या काढला की ड्रम पुन्हा बोलका. दुसरा ड्रमच्या पोटात बसतो. त्याच्या डोक्यावर स्पंजचा सुळका असतो आणि तो पानाच्या मध्यावर खालून टेकतो. हा फार हळवा, पण बरोबर मध्यावर काठी पडली की एकदम किंचाळतो. कडेचा तसा सोशिक, पण त्याच्या शेजारी मारलं की तोही आवाज चढवतो. शिवाय एकेरी आणि दुहेरी हा भेद आहेच. दुहेरीला पानावरचा ठोका आणि कडेवरचा ठोका वेगळा कळतो. तो स्नेअरला हवा, बाकीच्यांना एकेरी पुरतो. मात्र आपल्या पेटीला दुहेरी समजतं का, हे आधी विचारावं. नाहीतर एका खिडकीपुढे दोन रांगा लावल्यासारखं होतं. आम्ही कडेचे घेतले: स्नेअरला दुहेरी, इतरांना एकेरी. कॉमर्सच्या पदवीधराला आठवड्यात एवढं कळलं, हे पुष्कळ झालं.

खरी गंमत बसवल्यानंतर सुरू झाली. चिरंजीव पायाचा मोठा ड्रम वाजवत आणि शेजारचा छोटा आपण होऊन बोले. मी चहा घेऊन पलीकडून गेलो तरी स्नेअर हुंकार देई. मी पेटीचं पुस्तक उघडलं, थ्रेशोल्ड नावाचं बटण शोधलं आणि वर चढवलं. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. किती जोराचा ठोका आला म्हणजे ओ द्यायची, त्याची पातळी. घरात शांतता पसरली. मला विजयी वाटलं. चिरंजीव मात्र रडकुंडीला आले. दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे बोटांच्या कुजबुजीसारखे जे बारीक ठोके असतात, ज्यांच्यामुळे तालाला ताल म्हणायचं, ते सगळे गायब.

मास्तर आले, त्यांनी डोक्याला हात लावला. "साहेब, त्रास झाला की पहिलं हेच बटण चढवायचं नसतं. आधी चिमटा घट्ट करा. खाली रबर घाला. एकाचा हादरा दुसऱ्याला पोचतो, त्याचं बटण वेगळं आहे. सगळ्यात शेवटी उंबरठा. तो आपोआप वाजायला लागेपर्यंत खाली आणा, आणि मग फक्त एक घर वर."

मास्तर चहा पिऊन गेले. मी मात्र तिथेच बसलो, कारण हे बटण माझ्या ओळखीचं होतं.

बँकेत लागलो तेव्हा माझा उंबरठा जमिनीला टेकलेला होता. कुणी खोकलं तरी "काय हवं आपल्याला?" विचारायचो. मग रांगा वाढल्या, त्रास झाला आणि दरवर्षी मी ते बटण एकेक घर वर नेलं. आज काचेवर नाणं आपटणाऱ्याचं पासबुक आधी भरलं जातं. गेल्या नोव्हेंबरात एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. "सवड असेल तेव्हा," म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. मला सवड चाळीस मिनिटांनी झाली. आपण जिवंत आहोत हे सांगायला आलेल्या बाईचा ठोका माझ्या पेटीत नोंदलाच गेला नव्हता. आणि एकाचा हादरा दुसऱ्याला म्हणाल, तर मॅनेजरसाहेब मला सकाळी अकराला जो ठोका मारतात, तो संध्याकाळी सातला चिरंजिवांच्या अंगावर वाजतो.

कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक खोकल्याला ओ देत बसू? बरोबर आहे. तसं केलं तर माणूस दिवसभर नुसता वाजतच राहील. पण त्रास आपल्या ढिल्या चिमट्यांचा असतो आणि शिक्षा मिळते हळू बोलणाऱ्यांना, एवढं खरं.

हा विचार करून मी स्वतःवर खूश होतो तोच जिन्यात खालचे काका भेटले. म्हणाले, "आता अगदी शांत झालं हो. फक्त तो एक ठोका येतो. पण चालेल."

एक ठोका? पाठीवर वीज पडावी तसं आठवलं. हवेतून जाणारा आवाज आम्ही मारला होता, पण पायाच्या पॅडलचा दणका लादीतून, स्लॅबमधून सरळ खाली उतरत होता. तो चिटणिसांना ऐकू येणं शक्यच नव्हतं, ते वरच्या मजल्यावर राहतात. आमच्या दिवाणखान्याखाली काकांची झोपायची खोली आहे आणि त्या खोलीत काकू आठ महिने अंथरुणावर आहेत.

मग मागचंही आठवलं. दोन महिन्यांपूर्वी काका म्हणाले होते, "मुलगा नियमित आहे हं, दुपारी साडेतीनला बरोब्बर सुरू." त्याआधी म्हणाले होते, "जोर आहे हो हातात." मी दोन्ही वेळा मनापासून आभार मानले होते. वर चिरंजिवांना, 'काका खूश आहेत तुझ्यावर,' असंही सांगितलं होतं. चिटणिसांच्या एका पत्रासाठी आम्ही आख्खा ड्रमसेट बदलला. काकांच्या टिचक्या मी कौतुकाच्या खात्यात जमा केल्या.

यंत्राचं एक बरं असतं. त्याला ठोक्याचा जोर कळतो आणि तेवढाच कळावा अशी आपलीही अपेक्षा असते. माणसांत जोराचं खातं निराळं, गरजेचं निराळं. ज्याला फार दुखतं तो फार जोरात मारतो, असं नाही. पुष्कळदा उलटच असतं. ज्याच्या घरात आजारपण आहे तो दार हळू वाजवतो, कारण त्याच्या घरात सगळंच हळू वाजवायची सवय झालेली असते.

त्या रविवारी आम्ही प्लायवुडचे दोन तक्ते आणले. मधे टेनिसचे चेंडू बसवले आणि सगळा ड्रमसेट त्या मचाणावर चढवला. दणका चेंडूंतच जिरतो. सरावाची वेळ साडेतीनची साडेपाच केली. बँकेतही थोडी दुरुस्ती चालू आहे. बाकावर कोण बसलंय ते दर दहा मिनिटांनी मान वर करून बघतो. आणि काचेवर नाणं आपटणाऱ्यासाठी पेटीत मास्क टाइम नावाची सोय आहे: एकदा ओ दिली की लगेचच्या ठोक्यांकडे लक्ष द्यायचं नाही.

परवा काकूंना बघायला गेलो. उशीला टेकून बसल्या होत्या. हसून म्हणाल्या, "छान वाजवतो हं मुलगा."

मी थँक्यू म्हटलं नाही. तडक घरी आलो आणि चेंडू तपासले.