समुद्रयान आणि कुटुंबाचा आचार

हिंदू धर्मशास्त्रात समुद्रप्रवासाचा वाद पाण्याचा कमी आणि पानाचा जास्त होता. जहाजावर कोण रांधतो, पंक्तीला शेजारी कोण बसतो, स्नानसंध्या वेळेवर घडते की नाही, ही त्यातली खरी कलमे. आज मुंबईहून क्रूझवर निघालेले कुटुंब अनोळखी कंपनीचे तिकीट काढण्याआधी चौकशी करते. शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, आजींची एकादशी सांभाळली जाईल का, कॅसिनोच्या मजल्यावर मुलांना मज्जाव आहे का, असे ते प्रश्न असतात आणि त्यांतले बहुतेक स्मृतिकारांच्या ओळखीचे आहेत. नवी आहे ती केवळ हौसेखातर समुद्रावर जाण्याची कल्पना. आचाराची खरी अडचण तिच्यातच आहे.

समुद्राचे वावडे मुळात नव्हते. ऋग्वेदात अश्विनीकुमार भुज्यूला शंभर वल्ह्यांच्या नावेतून समुद्रातून सोडवून आणतात. बौधायन धर्मसूत्रात मात्र समुद्रसंयान ही उत्तरेकडच्या लोकांची वेगळी चाल म्हणून नोंदली आहे, आणि पुढे पतनीय, म्हणजे जातीतून पाडणाऱ्या, कर्मांच्या यादीत तिला पहिले स्थान मिळाले आहे. प्रायश्चित्त तीन वर्षांचे: चौथ्या जेवणवेळेला मोजके अन्न, त्रिकाळ स्नान, दिवसा उभे राहणे आणि रात्री बसून काढणे. मनुस्मृती समुद्रयायी ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते, पण समुद्रप्रवासातल्या जाणकारांनी ठरवलेला व्याजदर प्रमाणही मानते. म्हणजे व्यापार चालावा, पण व्यापाऱ्याबरोबर गेलेला ब्राह्मण पितरांच्या पानाजवळ नको. पुढे कलिवर्ज्यांनी, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांच्या यादीने, दार आणखी घट्ट लावले. समुद्रप्रवास केलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी कलियुगात त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, असे वचन निबंधग्रंथांतून फिरत राहिले. मूळच्या पैठणकर घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी काशीत 1612 मध्ये लिहिलेल्या ‘निर्णयसिंधू’तही कलिवर्ज्यांचा विचार आहे, आणि महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या हाती हा ग्रंथ शतकानुशतके होता.

या निषेधामागे समुद्राच्या धोक्याची भीती होती असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. धोका हेच कारण असते तर सुखरूप परतलेल्याला पंक्तीबाहेर बसवण्याची गरज नव्हती. सावरकरांनी हिंदू समाजाच्या सात बेड्या मोजताना सिंधुबंदी आणि रोटीबंदी वेगळ्या धरल्या, पण जहाजावर पहिली बेडी बहुतांशी दुसरीच्या लोखंडाची होती. भीती संसर्गाची होती. आठवडे न् आठवडे एकाच फळीवर राहिलेला माणूस शेजाऱ्याचे काहीतरी घेऊन उतरतो, हा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहातल्या कथेत सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण अनेक सफरी करून आला, तोवर त्याचे काही बदलले नाही. पुढच्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी सोबत होते. रात्री आणि पहाटे ते बुद्धवचने म्हणत. पूर्णाने विचारले, हे काय गाता? उतरल्यावर तो भिक्षू झाला. स्मृतिकारांना ज्याची धास्ती होती ते इथे घडले, आणि बौद्ध परंपरेने ते भाग्य मानले.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न घराघरांत आला. 1888 मध्ये मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले तेव्हा मोढ वाणी जातीच्या पंचायतीने त्यांना वाळीत टाकले, आणि त्यांना मदत करणाऱ्यास किंवा निरोप द्यायला जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरवला. आईने जैन साधू बेचरजी स्वामींसमोर मद्य, मांस आणि स्त्रीसंग टाळण्याची शपथ घ्यायला लावली होती. पंचायतीने वाट अडवली आणि आईने वाटेवरचे वागणे बांधून दिले. धर्मविचार म्हणून पाहिले तर आईचा तोडगा पंचायतीच्या निकालापेक्षा कितीतरी पक्का होता. परतल्यावर जातीतल्या एका गटाच्या समाधानासाठी थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदास्नान घडवले.

जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांनी 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जाताना तिसरा मार्ग काढला. त्यांनी ‘ऑलिंपिया’ हे नवे जहाज भाड्याने घेतले आणि चांदीच्या प्रचंड कलशांतून गंगाजल बरोबर नेले. ज्या भटारखान्यात गोमांस कधी शिजलेलेच नाही असे जहाज त्यांना हवे होते. आचार मोडू नये म्हणून अख्खे जहाजच आचारात बसवायचे, हा राजाला परवडणारा उपाय. सामान्य कुटुंबाला बुफेच्या रांगेतच उभे राहावे लागते. तिथे भाज्यांच्या ताटावर पाटी शुद्ध शाकाहारी अशी असते, पण शेजारच्या ताटातला चिमटा कुणीतरी नकळत उचलून इकडे घालतो. घरातले तिघे ते पाहून पुढे सरकतात आणि चौथा तिथेच थांबतो. नव्या जहाजावर अपेक्षा धरायची तर या चौथ्या माणसाच्या नजरेने धरावी. माहितीपत्रकातली सोय आणि आचाराला पुरेशी सोय यांतले अंतर त्यालाच दिसते.

इथे आपद्धर्माची ढाल पुढे केली जाते. प्रवासात नियम सैल होतात, हे खरे. संध्या मानसिक चालते, स्नान जमेल तसे चालते, आणि प्राणावर बेतले तर निषिद्ध अन्नही चालते. पण आपद्धर्माला आपत्ती लागते. दुष्काळात अडकलेला आणि सुट्टीसाठी डेकवर खुर्ची टाकून बसलेला, या दोघांना एकच सवलत देता येत नाही. तेव्हा हौसेच्या प्रवासात नियम कुठवर सैल करायचा हे शास्त्र सांगत नाही, ते कुटुंबाने आधीच ठरवावे लागते. तेही प्रत्येकाने स्वतःपुरते. वडिलांनी घेतलेली सवलत आजींवर लादता येत नाही, आणि आजींचे व्रत नातवावर.

जैन कुटुंबाचा प्रश्न अधिक काटेकोर आहे. श्रावकाच्या दिग्व्रतात कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादाच घातलेली असते, त्यामुळे ते घेतलेल्याने प्रवासाचा नकाशा आधी पाहावा. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा चौविहार पाळणाऱ्यासाठी सूर्यास्ताआधी जेवण मिळणे हे कांदा-लसूण वगळण्याइतकेच महत्त्वाचे, आणि जहाजावरची मुख्य मेजवानी दिवे लागल्यावरच रंगते. मुसलमान प्रवाशाला फिक्ह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, बरीच मोकळीक देते. प्रवासात नमाज आखूड करता येते, डोलत्या जहाजावर उभे राहवत नसेल तर बसून पढता येते, आणि जहाज वळले की शक्य तेवढे किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळायचे. मुंबई-जेद्दा हजयात्रा 1995 पर्यंत जहाजाने चालू होती, त्यामुळे हे नियम इथे पुस्तकात पडून राहिले नव्हते.

भीतीचा भाग उरतो. 1896 मध्ये गांधी कस्तुरबा, दोन मुलगे आणि भाच्याला घेऊन ‘कूरलँड’ जहाजाने दरबानला निघाले. बायकोमुलांनी कोणता पोशाख करायचा, काटेचमचे कसे धरायचे, हे त्यांनी आग्रहाने शिकवले. मग वादळ आले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे एकाच देवाला आळवू लागले, आणि आभाळ निवळताच देवाचे नाव ओठांवरून गेले, असे त्यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे. आजच्या जहाजावर ही जागा कवायतीने घेतली आहे. जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच प्रवाशांना लाइफ जॅकेट आणि जमण्याची जागा दाखवतात. पोरे खिदळतात आणि मोठे फोनमध्ये असतात. श्रद्धेची कसोटी तिथे कुणी पाहत नाही.

राहता राहिले पंचांग. एकादशी आणि पारण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या सूर्योदयावरून ठरते, म्हणून लांबच्या सफरीत घरच्या दिनदर्शिकेवर विसंबता येत नाही. श्राद्धतिथी सफरीत आली तर विघ्नामुळे चुकलेले श्राद्ध पुढच्या अमावास्येला करता येते. पण विघ्न न टाळता येणारे असावे लागते, आणि सहा महिने आधी काढलेल्या तिकिटाला विघ्न म्हणणे कठीण आहे. ज्यांच्या घरी तिथी पाळतात त्यांनी सफरीची तारीख पंचांग पाहून धरावी.