फोटोतला धूर



वैशाखात तुकईथडच्या सत्संगात नामस्मरण सुरू असतानाच लाइट गेली. पंखे थांबले, फक्त समई राहिली. आपले एक दादा सध्या हौसेने फोटोग्राफी शिकतायत. त्यांनी त्या उजेडात एक फोटो काढला, तो ग्रुपवर आला आणि आपण सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवून कौतुक केलं. फोटो होताच तसा. समई मधोमध न ठेवता जरा डावीकडे घेतलेली, डोळे मिटून बसलेल्यांचे चेहरे पिवळसर उजळलेले, मागे सगळा काळोख.

रात्री एका ताईंचा मेसेज आला. “उजवीकडे पांढरा धूर दिसतोय ना, ती आमची आई आहे. उकडत होतं म्हणून सगळ्यांना पाणी देत फिरत होती.”

आम्ही फोटो मोठा करून पाहिला. खरंच, धुरात एक तांब्या होता.

दादांना फार वाईट वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं, की उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तो फोटो पाव सेकंदाचा होता. पाव सेकंदात चालणारा माणूस वीतभर तरी पुढे सरकतो. म्हणून जो बसला तो स्पष्ट येतो आणि जो चालतो तो पुसला जातो. चूक कोणाची नाही, असं ते म्हणाले.

पण आम्हाला ही गोष्ट सोडवेना. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसाने खिडकीतून एका रस्त्याचा फोटो घेतला होता. तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. रस्ता वर्दळीचा, पण गाड्या, घोडे, माणसं, सगळी चालती म्हणून फोटोत कोणीच नाही. ठळक दिसतो तो एकटा माणूस, बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून उभा राहिलेला. पॉलिश करणारा त्याच्या पायाशी आहे, पण त्याचे हात हलत होते, त्यामुळे तो नीट ओळखू येत नाही. फोटोत माणूस आला तो असा!

ग्रुपवर दोन-तीन जणांनी लिहिलं की काकूंची सेवा निष्काम आहे, त्यांना फोटोचं काय? बोलणं शास्त्राला धरून आहे. मात्र हे लिहिणारे सगळे त्या फोटोत स्पष्ट आलेले होते, आणि त्यांनी (खरं तर आम्हीही) तो लगेच स्टेटसला ठेवला होता. निष्काम राहायचं व्रत सेवा करणाऱ्याने घ्यायचं असतं. पाणी पिणाऱ्याने ते त्याच्या वतीने घेऊन टाकणं बरोबर नाही. काकूंना फोटो नको असेल, ठीक. तरी आपल्याला त्या दिसल्या होत्या का, हा प्रश्न आपल्याकडेच राहतो. डोळे मिटलेले होते हे उत्तर आम्हीही देऊन पाहिलं, पण तांब्या घेताना तर ते उघडले होते.

दादा मग सरावाला लागले. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यातही जाऊन आले. १६१५ च्या सुमाराचं ते जमिनीखालचं पाण्याचं काम, खाली उजेड येतो तो बराचसा वरच्या कुंडीच्या तोंडातून. तिथे त्यांना कळलं की काळोखात आल्या आल्या फोटो काढायचा नाही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर जे काळं वाटतं ते रिकामं असतंच असं नाही. चालता माणूस धरायचा तर पडदा सेकंदाच्या साठाव्या भागाइतकाच उघडायचा. त्याने उजेड पंधरापट कमी होतो, म्हणून आयएसओ ४०० वरून ६४०० च्या आसपास न्यायचा. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. येऊ द्यायचे. चौकटही सुबक राहत नाही, समई अर्धी कापली जाते.

पुढच्या सत्संगाला दादा अर्धा तास आधीच येऊन कोपऱ्यात बसले. त्या दिवशी लाइट होती, ती मुद्दाम मालवली. फोटो आला तो दाणेदार, थोडा वाकडा. महाराजांच्या तसबिरीचा वरचा भाग त्यात नाही, त्यावरून एका काकांनी नाराजी कळवली आहे. काकू मात्र पूर्ण आहेत. वाकलेल्या, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात तांब्या.

ताईंनी तो आईला दाखवला. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “मागच्या रांगेतल्या त्या पोराच्या हातात पेला नाहीये गं. राहिला वाटतं तो.”