नेम आणि पत

दिवाळीच्या चार दिवसांत, ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात टिकल्यांचे एक पिस्तूल तरी येतेच. मूल पहिली टिकली वाजवायच्या आत घरातले कोणीतरी मोठे माणूस त्याला बजावते, "माणसाकडे रोखायचे नाही हं!" त्या खेळण्यात आवाजापलीकडे काही नाही, हे बजावणाऱ्यालाही ठाऊक असते, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. बंदुकीविषयीचे आपले सारे नीतिशास्त्र त्या एका वाक्यात आले आहे, असे मला वाटते. खेळायला हरकत नाही. मात्र नळीपुढे कोण आहे याचे भान सुटता कामा नये.

नेम धरण्याची हौस माणसाला उपजतच असते. चिंचेच्या झाडाखाली दगड घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांत ती दिसते, आणि जत्रेत छर्र्याच्या बंदुकीने फुगे फोडणाऱ्या बापयांतही दिसते. महाराष्ट्राला तर तिचे कौतुकच आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकला रायफल नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या; त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या वेळी घरोघर पेढे वाटले गेले, आणि मुलाच्या हाती बंदूक कशी दिली म्हणून कोणी त्यांच्या आईबापांना बोल लावला नाही.

पण हीच हौस घेऊन माणूस परक्या देशात राहायला गेला, म्हणजे काय होते? तिथे त्याने बंदूक पुन्हा हाती घ्यावी काय? आणि ती घेऊ देण्यापूर्वी त्या देशाने त्याला काय विचारावे?

हा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे मला पडला. शाळेत असताना तो एन. सी. सी.त होता. 'पॉइंट टू टू' रायफलीने पालथे पडून पाच गोळ्या झाडायच्या आणि त्या किती जवळ जवळ बसल्या ते पाहायचे, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे नोकरी, लग्न, मूल. आणि तिघांचे बिऱ्हाड न्यूझीलंडला गेले. तिथे जम बसल्यावर त्याला जुनी हौस आठवली. परवान्याची चौकशी केली, आणि मग रागारागाने त्याने मला फोन केला.

"बाई, हे लोक माझा नेम बघतच नाहीत," तो म्हणाला. "मी कसा माणूस आहे ते माझ्या बायकोला विचारणार म्हणे! आणि नात्याबाहेरचा एक ओळखीचा माणूस हवा. घरी येऊन बंदुकीचे कपाट बघणार, कुलूप बघणार. मी काय चोर आहे?"

नियम तसाच आहे. सुरक्षेचा पाठ शिकून परीक्षा द्यावी लागते. अर्जदाराची ग्वाही देणारी दोन माणसे लागतात. एक सोबत राहणारे, म्हणजे बहुधा नवरा किंवा बायको, आणि दुसरे नात्याबाहेरचे, त्याला नीट ओळखणारे. त्या दोघांशी बोलणे होते. नवऱ्याची हौस बायकोच्या शब्दावर अडावी, हे ऐकून आपल्याकडच्या पुष्कळ भगिनींना हसू येईल. पण संतापाच्या भरात माणूस कसा वागतो, हे त्याच्या कचेरीतल्या साहेबापेक्षा घरच्या माणसाला अधिक ठाऊक असते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

या नियमांना एक दुःखाची पार्श्वभूमीही आहे. १५ मार्च २०१९ रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, क्राइस्टचर्च शहरातल्या दोन मशिदींत एका माणसाने गोळ्या झाडल्या आणि ५१ जीव गेले. ग्वाहीचा नियम त्यापूर्वीचाच. पण मारेकरी ऑस्ट्रेलियातून २०१७ साली न्यूझीलंडमध्ये राहायला आलेला, म्हणजे नवखाच होता. आल्यावर काही महिन्यांतच त्याला बंदुकीचा रीतसर परवाना मिळाला होता, आणि तो एका रायफल क्लबात सरावालाही जात असे. त्याच्यासाठी ग्वाही दिली होती ती इंटरनेटवरच्या खेळांतून जुळलेल्या एका मित्राने आणि त्या मित्राच्या पालकांपैकी एकाने. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. परवाना देताना ही पारख व्हावी तशी झाली नव्हती, असे त्यात नमूद आहे. हत्याकांडानंतर महिन्याच्या आत तिथल्या संसदेने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. लोकांनी मोबदला घेऊन पन्नास हजारांहून अधिक बंदुका सरकारजमा केल्या. त्यांत कितीतरी निरुपद्रवी, हौशी माणसांच्या होत्या.

आता कोणी म्हणेल, एका नराधमासाठी हजार सज्जनांना जाच का? माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे हेच होते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. निरपराध माणसाला आपल्या निरपराधीपणाचा पुरावा मागणे कोणालाही बोचते. पण जरा विचार केला, तर ही बोच नेमकी कशाची आहे ते कळते.

गावी असताना त्याला असे कोणी विचारले नव्हते, हे खरे. पण का विचारले नव्हते? तो अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू. त्याचे घर कोणत्या आळीत, त्याच्या आजोबांनी कोणाच्या अडीअडचणीला मदत केली, हे सारे गावाला पाठ होते. न मागता त्याच्यासाठी निम्मे गाव जामीन होते. ही पत त्याने मिळवलेली नव्हती. ती त्याला वडिलार्जित घरासारखी मिळाली होती. घर जसे उचलून परदेशी नेता येत नाही, तशी ही पतही नेता येत नाही. कौशल्य समुद्र ओलांडते; बोटांची सवय, श्वास रोखण्याची कला माणसाबरोबर विमानात बसते. पत मात्र मागेच राहते. माझ्या विद्यार्थ्याला राग आला होता तो नियमाचा, पण त्याच्या मुळाशी दुःख निराळे होते. 'तुला ओळखणारे इथे कोण आहे?' या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

इथे एक विवेक राखला पाहिजे. हाच प्रश्न केवळ रंग पाहून, नाव ऐकून किंवा उच्चार परका वाटला म्हणून कोणी विचारील, तर तो अन्याय आहे आणि त्याचा राग यायलाच हवा. पण जो प्रश्न तिथे जन्मलेल्या शेतकऱ्यालाही विचारला जातो, तो अपमान कसा? क्राइस्टचर्चच्या मृतांत कितीतरी जण दुसऱ्या देशांतून तिथे संसार थाटायला आलेले होते. त्यांत आपले भारतीयही होते. नवख्याला विचारलेला तो प्रश्न नवख्यांच्याच लेकराबाळांची राखण करतो.

देश बदलला की पापपुण्याच्या यादीतही थोडा फरक पडतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणावर गोळी झाडणे हा गुन्हा ठरला. न्यूझीलंडच्या भूमीवर वटवाघळांखेरीज मूळचा सस्तन प्राणीच नाही. हरणे युरोपीय वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात नेऊन सोडली. ती तिथल्या जंगलाचा फडशा पाडतात, म्हणून त्यांची शिकार पुष्कळांना जंगलाची सेवा वाटते. माझ्या विद्यार्थ्याला ती नको आहे. त्याला कागदावरचे वर्तुळ पुरते. त्याने तिथल्या शिकाऱ्याला पापी म्हणू नये, आणि त्यांनी याला भित्रा म्हणू नये, एवढे झाले तरी पुष्कळ.

पण एक नियम दोन्ही देशांत सारखाच राहतो. तिथे परवान्यासाठी जे सुरक्षेचे सात नियम शिकवतात, त्यांतला एक असा, की लक्ष्य काय आहे याची निःशंक खात्री झाल्याखेरीज गोळी सोडू नये. हे ऐकले आणि मला राजा दशरथ आठवला. त्याच्या शब्दवेधी कौशल्याला तोड नव्हती. काळोखात घडा बुडाल्याचा आवाज झाला, त्याला वाटले हत्ती पाणी पितो आहे, आणि बाण श्रावणाच्या छातीत घुसला. नेम अचूक होता. चूक पाहण्यात होती. एका आंधळ्या जोडप्याचा आधार गेला आणि पुढे रामायण घडले. निष्णात हाताला खात्रीची जोड नसेल तर तो अडाणी हातापेक्षा अधिक घातक, हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच सांगून ठेवले आहे.

मग त्याने ही हौस सोडूनच द्यावी काय? मला तसे वाटत नाही. दहा मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो साधायचा तर राग, घाई, स्पर्धेची हाव, सारे खाली ठेवावे लागते. छातीतला ठोकादेखील आड येतो. दुसऱ्याला जिंकण्याआधी स्वतःला शांत करायला लावणारा हा खेळ आहे. लूना सोलोमन या तरुणीची गोष्ट पाहा. एरिट्रियातून परागंदा होऊन ती स्वित्झर्लंडला आली. तिथे इटलीच्या निकोलो काम्प्रियानी या सुवर्णपदकविजेत्या नेमबाजाने निर्वासितांना रायफल शिकवायचे मनावर घेतले, आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ती निर्वासितांच्या संघातून उतरली. जिला स्वतःचा देश सोडावा लागला, तिच्या हाती एका परक्या माणसाने विश्वासाने बंदूक दिली. या खेळाची ही बाजूही विसरून चालणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, की बंदूक मागण्याआधी माणसे जोड. त्या देशात परवाना नसलेल्यालाही परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली नेमबाजी करता येते. म्हणून त्याने आधी क्लबात नुसते जावे, लक्ष्याचे कागद लावावेत, चहाच्या वेळी चार सुखदुःखाच्या गोष्टी कराव्यात, आणि दुसऱ्याच्या रायफलीने, तो दुसरा हाताच्या अंतरावर उभा असताना, पाच गोळ्या झाडाव्यात. असे वर्ष-दोन वर्षे गेली म्हणजे त्याच्यासाठी ग्वाही द्यायला कोणीतरी आपण होऊन उभे राहील. तोवर त्याला रायफलीची फारशी घाईही उरणार नाही, असा माझा अंदाज आहे.

तो म्हणाला, "बाई, आणि बायको काय सांगेल?"

"ते मात्र," मी म्हटले, "तुझे तुलाच ठाऊक!"