पाच कारणं आणि एक पिस्तूल

अमेरिकेत कुठेही गोळीबार झाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. 'बंदूक मारत नाही, माणूस मारतो' हे एक आणि 'तो मनोरुग्ण होता' हे दुसरं. दोन्ही एकाच जागी जाऊन थांबतात: केलं त्याने, दोष त्याचा, विषय संपला. मी व्हर्जिनियात फार्मसिस्ट आहे आणि रविवारी इथल्या मराठी मंडळींबरोबर गीता वाचते. मला हे उत्तर नुसतं अपुरं नाही, अधार्मिक वाटतं.

अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करणं, नाना तऱ्हेच्या चेष्टा आणि पाचवं दैव. करणं म्हणजे इंद्रियं, असं भाष्यकार सांगतात. हातातलं हत्यारही मी त्यातच धरते. हे सगळं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असंही तिथे पुढे म्हटलं आहे. हा उपदेश आपण आपला अहंकार कमी करण्यासाठी वापरतो. दुसऱ्याच्या कर्माचा न्याय करतानाही तो तितकाच लागू व्हायला हवा.

16 एप्रिल 2007 ला ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने 32 जणांचे प्राण घेतले आणि मग स्वतःचा जीव घेतला. मृतांमध्ये जी. व्ही. लोगनाथन हे भारतातून आलेले प्राध्यापक होते, मुंबईची एक विद्यार्थिनी होती. आता पाच कारणं लावून पाहा. मुलगा आजारी होता आणि हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. इंग्रजी विभागाच्या प्रमुखांनी त्याला वर्गाबाहेर काढून स्वतः एकट्याला शिकवलं होतं, विद्यापीठाला सावध केलं होतं. डिसेंबर 2005 मध्ये न्यायाधिकाऱ्याने लिहून दिलं की त्याच्यापासून त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका आहे, त्याने बाहेरून येऊन उपचार घ्यावेत. ते उपचार कधी नीट सुरूच झाले नाहीत आणि कुणी पाठपुरावा केला नाही. केंद्राच्या कायद्याने अशा माणसाला बंदूक विकायला मनाई होती. पण व्हर्जिनिया राज्य सक्तीने रुग्णालयात ठेवलेल्यांचीच नावं केंद्राच्या यादीत कळवत असे. बाहेरून उपचार घेणाऱ्याचं नाव गेलंच नाही. 2007 च्या फेब्रुवारीत एक आणि मार्चमध्ये दुसरं, अशी दोन पिस्तुलं त्याने दुकानातून घेतली. महिन्याला एकच, हा तेव्हाचा राज्याचा नियमही पाळला गेला. दोन्ही वेळा चौकशी झाली आणि दोन्ही वेळा तो पास झाला.

यात कर्ता एकच आहे. पण करण त्याच्या हाती दुकानदाराच्या गल्ल्यावरून आलं, आणि चेष्टा, केलेल्या आणि न केलेल्या, कितीतरी जणांच्या आहेत. त्या सगळ्यांना दैवाच्या खात्यात टाकणं हा दैवावरही अन्याय आहे.

आमच्या वर्गातले एक काका म्हणाले, "अगं, पण माथेफिरूला कोण अडवणार?" त्या 'माथेफिरू'पाशीच मी अडते. माझ्या काउंटरवर एक आई मुलाला घेऊन गंभीर मानसिक आजारावरच्या क्लोझापाइनच्या गोळ्या न्यायला यायची. कित्येक वर्षं असा नियम होता की रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा हातात आल्याशिवाय ती गोळी द्यायची नाही. आई रिपोर्टचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवायची, मी विचारायच्या आधीच पुढे करायची. मुलगा शांतपणे बाजूला उभा. गोळीबाराची बातमी असेल त्या आठवड्यात ती रांगेत कुणाच्या नजरेला नजर देत नसे. ज्या आजाराशी हे घर रोज झुंजतं, त्याच्या नावाने सारा देश सरसकट बोट दाखवतो. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक कुणावरही हात उगारत नाहीत. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. म्हणजे आजारी मनाला बंदुकीचा धोका असतो तो सगळ्यात आधी त्याच्या स्वतःच्या जिवाला.

त्याच काउंटरवर कुणी चोंदलेल्या नाकासाठी स्यूडोएफेड्रिन मागितलं तर मी ओळखपत्र पाहते, नोंद करते, सही घेते. 30 दिवसांत 9 ग्रॅमच्या वर ते कुणालाच विकत मिळत नाही, कारण त्यापासून मेथ हे नशेचं द्रव्य बनवतात. सर्दी झालेल्या माणसाला यात कुणी गुन्हेगार ठरवत नाही, आणि तोही अपमान मानत नाही. जिथे साधन घातक ठरू शकतं तिथे साधनावर पहारा बसवायचा, हे या देशाला उत्तम कळतं. बंदुकीपाशी आल्यावरच ते कळेनासं होतं.

काकांचा दुसरा प्रश्न जास्त खोल होता. "सगळेच जबाबदार म्हटलं तर कुणीच जबाबदार राहत नाही. मारणारा सुटतो." तसं होत नाही. जबाबदारी ही काही एक भाकरी नव्हे, की दुसऱ्याला तुकडा दिला म्हणून पहिल्याचा वाटा घटेल. मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलच्या एका मुलाने 30 नोव्हेंबर 2021 ला चार मुलांना ठार केलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी घेतलं होतं. त्या सकाळी मुलाच्या कागदावर बंदुकीचं चित्र आणि मदतीची याचना शिक्षिकेला दिसली, आईवडिलांना शाळेत बोलावलं, तरी ते त्याला घरी न नेता निघून गेले. दप्तर कुणी उघडून पाहिलं नाही. मुलाला पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. 2024 मध्ये आई आणि वडील दोघांनाही प्रत्येकी 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या शिक्षेने मुलाची शिक्षा एका दिवसानेही कमी झाली नाही. ज्याचं कारण त्याच्यापाशी, आणि ते पुरतं त्याचं.

म्हणून 'दोषी कोण' याच्याआधी 'माझ्या हातात यातलं कोणतं कारण आहे' हा प्रश्न यायला हवा. दैव कुणाच्याच हातात नाही. आजार उपचाराने आटोक्यात येतो, पण वेळ लागतो. साधन मात्र आजच्या आज दूर करता येतं. 2020 पासून व्हर्जिनियात न्यायालय धोक्यात असलेल्या माणसाकडून बंदुका काही काळ काढून घेऊ शकतं. अर्ज पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांनी करायचा असतो, पण त्यांच्या कानावर घालणार कोण? घरचेच, शेजारीच, आपणच. आपल्या मराठी घरांतूनही आता पिस्तुलं आहेत. ती कुलपात आहेत का, हे मुलांना खेळायला पाठवताना विचारायला संकोच वाटतो. तरी विचारावं. मुलगा महिनोन् महिने खोलीबाहेर येत नसेल, तर 'लोक काय म्हणतील' बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा, आणि तोवर घरातली बंदूक घराबाहेर काढावी. निष्काम कर्म म्हणतात ते याहून वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. असं काम फळाला आलं तर त्या दिवशी काहीच घडत नाही, आणि त्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही. तरीही ते करायचं असतं.