माका करूंक दी

सेवा हे पुण्य, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण सेवेच्या हातूनही अन्याय घडू शकतो, ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली; आणि तीही स्वतःच्या आईकडून.

आमची तोंडवली म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. घरे मोठी, माणसे थोडी. तरुण मंडळी बहुतेक मुंबईस. अशा गावात आपण आईपाशी राहिलो, याचा मला जरा अभिमानच होता. एका पहाटे तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. इस्पितळातून घरी आणली तेव्हा जीभ जड झाली होती आणि उजवा हात लुळा पडला होता. बोटे तेवढी थोडी हलत. आम्ही उभयतांनी तिला तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपले. पेज भरवली, वेणी घातली, लुगडे नेसवले. गाव म्हणे, मुलगा असावा तर असा!

सुरुवातीला मी चमचा पुढे केला की ती जड जिभेने म्हणे, "माका करूंक दी." मी हसून तिचा हात बाजूला सारी. पुढे तिने म्हणणेच सोडले. चमचा दिसला की निमूट तोंड उघडी. मला वाटले, आईला आता समाधान लाभले.

चार महिन्यांनी डॉक्टरांच्या आग्रहावरून तिला एका लहानशा शुश्रूषागृहात ठेवली. खाटा जेमतेम आठ. गावात कुजबुज झाली, मास्तरांनी आईला टाकली. मलाही तसेच वाटत होते. पहिल्या रविवारी भेटायला गेलो, तो काय पाहावे? आईच्या चांगल्या, डाव्या हातावर जाड पिशवी बांधलेली, आणि दुबळ्या उजव्या हाताने ती चपातीचा तुकडा उचलीत होती. निम्मे अन्न मांडीवर सांडत होते. शेजारी एक मावशी नुसत्या बसून होत्या. मी संतापून उठलो. मावशी म्हणाल्या, "मास्तरांनू, बसा." आईने मान वर केली नाही. तिचे सारे लक्ष त्या तुकड्यावर होते.

मागाहून डॉक्टरांनी समजावले. पक्षाघातात मेंदूचा जो भाग मरतो तो परत येत नाही. पण उरलेले भाग त्याचे काम थोडेफार शिकू शकतात, अवयव वापरात राहिला तर. न वापरलेला हात मेंदू विसरत जातो. एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावरूनच चांगला हात अडवून ठेवण्याची रीत काढली. ज्यांच्या बोटांत थोडी हालचाल उरली आहे त्यांना तिचा गुण येतो, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. म्हणजे आम्ही चार महिने आईला जपत होतो, तेव्हा तिचा हात तिच्याकडून काढून घेत होतो!

ही गोष्ट काही नवी नव्हे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेव्हा कुष्ठरोग्यांना औषधाबरोबर जमीन आणि कुदळही दिली. आमच्याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावी, नसीमा हुरजूक यांच्या कोल्हापूरच्या संस्थेने 'स्वप्ननगरी' वसवली आणि अपंगांच्या हाती काजूप्रक्रियेचे काम दिले. नसीमाताई स्वतः कोवळ्या वयापासून चाकाच्या खुर्चीत. आपल्याला दया नको, काम हवे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

परंतु वाचकहो, या विचाराला दुसरी बाजू आहे. ज्याला कूसही वळवता येत नाही, त्याला दर दोन तासांनी दुसऱ्याच्याच हाताने वळवले पाहिजे. नाहीतर पाठीला जखमा होतात. अशाला "स्वावलंबी हो" म्हणणे हे क्रौर्य. हयगयीला स्वावलंबनाचे नाव देणारी माणसेही जगात असतील. मग फरक ओळखावा कसा? मला तो मावशींच्या बसण्यात दिसला. त्या आईला सोडून दुसऱ्या कामाला गेल्या नव्हत्या. भरवायला दहा मिनिटे पुरतात. वाट पाहायला पाऊण तास लागतो. मावशींनी तो पाऊण तास दिला. खरे सांगायचे तर मी भरवीत होतो त्यात प्रेम होते, तशी शाळेची घंटाही होती. आणि "मुलगा असावा तर असा" हे ऐकण्याची गोडीही होती.

आई तीन महिन्यांनी घरी आली. हात पूर्ण सुधारला नाही. पण पेज ती आपली आपण खाते. सांडते, आणि सांडल्यावर रागावतेही. तिचा राग परत आला याचा मला फार आनंद झाला.

गेल्या नरकचतुर्दशीस पहाटे तुळशीपुढे कारीट ठेवले. ते फोडायचे डाव्या पायाने, म्हणजे सारा भार तिच्या दुबळ्या उजव्या पायावर. वृंदावनाला धरून ती उभी राहिली. पाय उचलला, डळमळली, टेकवला, पुन्हा उचलला. मुले "गोविंदा" म्हणायला टपून बसलेली. माझे हात पुढे जाऊ लागले, ते मी पाठीमागे बांधले आणि पावलाभराच्या अंतरावर उभा राहिलो. फार वेळ लागला. मग कारीट फुटले.